खाटकाच्या पोरासाठी

'मिस्टर सनशाइन' या कोरियन मालिकेचा नायक युजीन चोई आहे, नायिका गो ए-शिन आहे, आणि माझा जीव अडकला तो गू दोंग-मेमध्ये. तो नायक नाही. नायिका त्याची होणार नाही हे पहिल्या काही भागांतच कळतं. तरीही त्याचं काय होणार, या काळजीनं चोवीस भाग पाहून होतात.

ही मालिका २०१८ साली कोरियातल्या टीव्हीएन वाहिनीवर आली. लेखिका किम उन-सूक. कथेचा मुख्य काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. कोरियाचं राजघराणं शेवटच्या घटका मोजतंय आणि जपान फास आवळत चाललाय. युजीन जन्मानं गुलाम. लहानपणी तो पळून अमेरिकेला जातो आणि तिथल्या सैन्यात अधिकारी होऊन परततो. ए-शिन उमराव घराण्यातली, घरच्यांच्या नकळत क्रांतिकारकांसाठी बंदूक चालवणारी. आणि दोंग-मे खाटकाचा मुलगा, जपानला जाऊन तलवारबाज झालेला, तिथल्या एका टोळीचा राजधानीतला म्होरक्या.

मी ही मालिका आत्याबरोबर पाहिली. आत्या मुरबाड तालुक्यातली, सिद्धगडाच्या पायथ्याकडची. गुडघे धरले म्हणून पावसाळाभर माझ्याकडे शहापूरला होती. मी आसनगावला लोकलमधून उतरून घरी यायचे, भाकऱ्या व्हायच्या, मग मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून आम्ही बसायचो. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून खालची प्रत्येक ओळ मी मराठीत सांगायची. लवकरच तिनं नायकाची चौकशी सोडून दिली. बसल्या बसल्या पहिला प्रश्न असायचा, "त्या खाटकाच्या पोराचा काय झाला गो?"

तिला त्याच्याकडे ओढून नेलं ते लहानपणीच्या एका प्रसंगानं. पोराच्या जिवावर बेतलेलं असताना छोटी ए-शिन त्याला आपल्या मेण्यात लपवते. आपण आभाराची वाट पाहतो, आणि तो तिला टोचून बोलतो, की तू सुखात लोळणारी उमरावाची पोर आहेस. ते बोलणं तिच्या जन्मभर मनात राहतं, आणि तो मेणा त्याच्या. दोघांची पुढची सगळी गोष्ट या एका घटकेच्या कर्जावर उभी आहे.

कोरियात खाटकांच्या जातीला बेकजोंग म्हणत. गावाबाहेर वस्ती, प्रतिष्ठित माणसाची टोपी घालायला बंदी, रेशीम वापरायला बंदी, दुसऱ्यांच्या लहान पोरांशीसुद्धा अदबीनं बोलायचं. १८९४च्या सुधारणांनी कायद्यातून हा भेद काढला, गावाच्या मनातून नाही. म्हणून १९२३ साली जिंजू शहरात बेकजोंगांनी समतेसाठी संघटना उभारली. आपल्याकडे महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं ते त्यानंतर चार वर्षांनी, १९२७ साली. मी हे आत्याला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे तिकडं पन होता हा." वस्ती कुठे असते, विहीर कुणाची असते, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच मला वाटतं, दोंग-मेबद्दल वाटणारी माया ही फसलेल्या प्रेमाची कणव एवढीच नाही. ए-शिन त्याला आवडली, हा त्याच्या दुःखाचा छोटा भाग. ज्या घरच्या मुलीकडे मान वर करून बघण्याचाही हक्क नव्हता, तिच्यावर त्याचा जीव जडला, हा मोठा भाग. मराठी वाचकाला ही कळ नवी नाही. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ साली आलं आणि आपल्या कितीतरी घरांत अर्जुनापेक्षा सूतपुत्र कर्णच जवळचा झाला.

कोरियन ऐतिहासिक मालिकांचे लेखक या दुसऱ्या पुरुषाला फार कसबानं घडवतात. नायकाला कामं असतात. त्याला शत्रू शोधायचा असतो, गुपित उघडायचं असतं, देश वाचवायचा असतो. दुसऱ्याकडे मात्र वेळच वेळ असतो. नायक-नायिकेचं बोलणं संपलं की कॅमेरा वळतो, आणि दूर कुठेतरी तो उभा दिसतो. त्यानं पाहिलं हे तिला माहीत नसतं, आपल्याला असतं. त्याच्या गुपितात आपण सामील होतो, आणि मग त्याला सोडून देणं जमत नाही. जगभरच्या चाहत्यांनी या ओढीला 'सेकंड लीड सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलंय. दोंग-मे साकारणारा यू यॉन-सॉक २०१३च्या 'रिप्लाय १९९४'मध्येही असाच मागे राहिलेला होता. २००६ साली आपल्या दूरदर्शननं 'एम्परर ऑफ द सी' दाखवली, तिच्यातला यॉम जांगही याच जातकुळीचा. इतिहासात तो नवव्या शतकातल्या सागरी सरदार जांग बोगोचा मारेकरी म्हणून नोंदला गेलाय. मालिकेनं त्याला माणूस केलं, आणि त्या भूमिकेतला साँग इल-गुक पुढे 'जुमोंग'चा नायक झाला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते नाण्याचं प्रकरण. ए-शिन दोंग-मेचं देणं लागते. तिच्या घरी पैशाला तोटा नाही, ती एका दमात फेडू शकते. तो मात्र सांगतो, महिन्याला एक नाणं द्या. म्हणजे जेवढी नाणी, तेवढ्या भेटी. नाणं ठेवून ती निघूनही जाते. त्यापलीकडे त्याला काही मिळत नाही आणि तो मागतही नाही. आत्यानं इथं मोबाइल थांबवायला लावला. "कर्ज फिटू नये म्हनून देवाला हात जोडत असंल," असं तिचं म्हणणं.

या मायेत एक धोका आहे, तोही सांगायला हवा. दोंग-मेची टोळी आधी 'ब्लॅक ड्रॅगन' या खऱ्याखुऱ्या जपानी संघटनेच्या नावानं रंगवली होती. ही संघटना जपानच्या विस्तारासाठी राबणारी. कोरियन प्रेक्षकांनी जोरदार हरकत घेतली, की अशा माणसाबद्दल आम्हाला कळवळा का वाटावा? निर्मात्यांनी नाव बदलून काल्पनिक टोळी केली. मला ती हरकत रास्त वाटते. ज्या देशानं त्याला माणूस मानलं नाही, त्याच्याविरुद्ध त्यानं परक्याची तलवार उचलली. त्या तलवारीखाली त्याच्यासारखीच गरीब माणसं आली. त्याचं दुःख कळणं वेगळं आणि त्याचे गुन्हे धुऊन काढणं वेगळं. लेखिकेनंही ते धुतलेले नाहीत. शेवटी नायक मरतो तो धावत्या गाडीत, ए-शिनला वाचवताना, तिच्या डोळ्यांदेखत. दोंग-मे मरतो तो तिच्यापासून लांब, आपल्याच टोळीच्या तलवारींनी.

शेवटच्या भागांत डोंगरात लपून जपान्यांशी लढणारे शेतकरी, शिकारी, पोरंसोरं दिसतात. १९०७ साली मॅकेन्झी या पत्रकारानं अशाच बंडखोरांचा एक फोटो काढला होता, तो मालिकेत हुबेहूब उभा केलाय. ते पाहून आत्या म्हणाली, "आमच्या भाईंची मान्सा अशीच." भाई म्हणजे माथेरानचे वकील भाई कोतवाल. १९४२च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते हुतात्मा झाले. त्या दिवशी त्यांच्या बरोबरीनं हिराजी पाटीलही पडले. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात, दोघांची नावं घेतात. घोषणेत हिराजींचं नाव नेहमी दुसरं येतं.

भाईंबद्दल आत्या तासभर सांगू शकते: त्यांची वकिली, त्यांनी गरिबांसाठी काढलेल्या शाळा. हिराजींबद्दल विचारलं तेव्हा ती अडली. मग तिनं मला आपल्या चुलतभावाला फोन लावायला सांगितला. तो दर वर्षी सिद्धगडावर जातो आणि म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं लक्षात ठेवतो. तो त्या दिवशी म्हसा गावाला बाजारात होता, आवाज नीट येईना. आत्या ओरडून विचारत राहिली, "भाईंचा नको, हिराजींचा सांग. घरी कोन होता त्यांच्या? कसा होता मानूस?"