महाकाव्याचा नायक आणि शोकान्त नाटकाचा नायक

नायक शेवटीं मेला म्हणजे कथा शोकान्त झाली, असा समज वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या निबंधांत वारंवार आढळतो. तो टिकणारा नाहीं. होमरच्या 'इलियड' महाकाव्याची अखेर ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या उत्तरक्रियेनें होते, तरी हेक्टर महाकाव्याचाच वीर राहतो. उलट सॉफोक्लीजचा ईडिपस राजा नाटक संपतें तेव्हां जिवंत असतो. मात्र डोळे त्यानें स्वतःच्या हातांनीं फोडून घेतलेले असतात. तेव्हां भेद मरणांत नाहीं. तो कशांत आहे हें पाहण्याचा सोपा मार्ग असा कीं, जो एकच पुरुष दोन्ही प्रकारच्या ग्रंथांत आला आहे, त्याची गांठ घ्यावी. सॅलॅमिस बेटाचा राजपुत्र अजॅक्स हा तसा पुरुष आहे.

'इलियड'मध्यें अजॅक्स हा अकिलीजच्या खालोखाल बलाढ्य योद्धा. बैलाच्या कातड्याचे सात थर व वर कांशाचा आठवा, अशी त्याची बुरुजासारखी ढाल. तिच्या आडून त्याचा सावत्र भाऊ ट्यूसर बाण सोडतो. हेक्टरशीं त्याचें द्वंद्व होतें, रात्र पडल्यामुळें तें अनिर्णित राहतें, आणि दोघे वीर एकमेकांस भेटी देतात. अजॅक्स आपला कमरपट्टा देतो, हेक्टर आपली तलवार. (ही तलवार वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.) पुढें पॅट्रॉक्लसच्या प्रेताभोंवतीं घनघोर लढाई चालली असतां रणांगणावर काळोख पसरतो. त्या वेळीं अजॅक्स झ्यूस देवाजवळ प्राण मागत नाहीं. आम्हांस मारावयाचेंच असेल तर मार, पण उजेडांत मार, एवढेंच मागतो. 'मला' नव्हे, 'आम्हांस'! महाकाव्याच्या नायकाचें मर्म या एका शब्दांत आहे. त्याचा शत्रु समोर असतो, स्वजन पाठीशीं असतात, आणि त्याच्या बाहुबलावर इतरांचे जीव तगून असतात. अकिलीजच्या क्रोधानें त्याच्याच सैन्याचा घात होतो हें खरें. म्हणूनच तो दोन्ही प्रकारांच्या सीमेवर उभा आहे असें आम्हांस वाटतें.

आतां ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील सॉफोक्लीजचें 'अजॅक्स' नाटक पाहूं. अकिलीजच्या मृत्यूनंतर त्याचीं शस्त्रें अजॅक्सला न मिळतां ओडिसियसला मिळतात. अपमानानें जळणारा अजॅक्स रात्रीं एकटाच स्वपक्षाच्या सेनापतींस ठार मारण्यास निघतो. अथीना देवी त्याची बुद्धि भ्रमविते, आणि गुरें व मेंढरें हेच सेनापति समजून तो त्यांस कापून काढतो. शुद्धीवर येतो तो मेलेल्या जनावरांच्या राशींत. ज्यानें उजेड मागितला होता, तोच आतां अंधाराला आपला प्रकाश म्हणून हांक मारतो. बाहेर शत्रु उरलेलाच नाहीं. टेक्मेसा परोपरीनें विनविते. तो लहानग्या मुलास जवळ घेतो, ती प्रसिद्ध ढाल त्याला देतो, आणि समुद्रकांठीं एकटा जाऊन हेक्टरनें दिलेल्या त्याच तलवारीवर अंग टाकतो.

शोकान्त नाटकाचा नायक अगदीं सज्जन नसावा, अगदीं दुर्जनहि नसावा, कांहीं प्रमादामुळें तो पडावा, असें ॲरिस्टॉटलनें (ख्रि. पू. ३८४–३२२) म्हटलें आहे. अजॅक्सचा प्रमाद जासूद सांगतो. घर सोडतांना बापानें उपदेश केला होता कीं, देवाच्या साह्यानें जय मिळीव. मुलानें उत्तर दिलें कीं, देवाच्या साह्यानें तर नादान मनुष्यहि जिंकेल. मी त्यावांचून जिंकीन. अथीनेचा कोप केवळ आजच्या दिवसापुरता आहे, आज त्याला तंबूबाहेर जाऊं देऊं नका, असा भविष्यवाद्याचा निरोपहि तोच जासूद आणतो. निरोप पोंचतो तेव्हां अजॅक्स निघून गेलेला असतो.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस येथें शौल राजा आठवेल. याबेश-गिलादच्या वेढलेल्या लोकांस सोडविणारा तरुण शौल महाकाव्यास शोभेल असा आहे. दावीदाच्या मत्सरानें झुरणारा, अखेर गिलबोवा डोंगरावर स्वतःच्या तलवारीवर पडणारा शौल हा दुसऱ्या प्रकारचा. त्याचें प्रेत बेथ-शानच्या तटावरून काढून आणण्यासाठीं रात्रभर चालत गेले ते याबेश-गिलादचेच लोक.

संस्कृत नाटकें सहसा दुःखांत संपत नाहींत. परंतु १९१२ सालीं त्रिवेंद्रम येथें प्रसिद्ध झालेलें, भासाच्या नांवावरील 'ऊरुभंग' पाहावें. महाभारतांतील उद्दाम दुर्योधन तेथें मांड्या मोडून पडला आहे. बाळ दुर्जय मांडीवर बसूं पाहतो, आणि बापाला त्यास बसूं देतां येत नाहीं.

अजॅक्स मेल्यावर सॉफोक्लीजचें नाटक संपत नाहीं, हें कित्येक टीकाकारांस खटकतें. आम्हांस खटकत नाहीं. मेनेलॉस व आगामेम्नॉन प्रेताला मूठमाती देण्यास मनाई करतात, आणि मृताच्या वतीनें भांडतो तो त्याचा वैरी ओडिसियस. होमरच्या 'ओडिसी'तहि या दोघांची एक भेट आहे. ओडिसियस मृतांच्या लोकीं जातो तेव्हां अजॅक्सची छाया दूर उभी असते. शस्त्रांवरून धरलेला राग आतां तरी सोड, अशी तो तिची समजूत घालतो. अजॅक्स एक शब्दहि न बोलतां अंधारांत निघून जातो.