मानेतली 'शीर' नेमकी कोणती?

सकाळी उठल्यावर मान वळेना, की घरात निदान ठरलेलंच असतं : "मानेची शीर आखडली." हा एकच शब्द आपण रक्तवाहिनीला वापरतो, चेतातंतूला वापरतो आणि ताठरलेल्या स्नायूलाही. मानेत ही तिन्ही एकमेकांना खेटून असतात. त्यांची दुखणी मात्र पार वेगळी. या घोळात उपचार चुकतात, म्हणून तो सोडवायला हवा.

आखडतो तो स्नायू. चेतातंतूला आखडताच येत नाही. आरशासमोर चेहरा उजवीकडे वळवून पाहा. कानामागच्या हाडापासून गळ्याखालच्या खाचेपर्यंत दोरीसारखं काहीतरी उठून दिसेल. पुष्कळजण तिलाच शीर म्हणतात, पण तो स्नायू आहे. आणि तोही डाव्या बाजूचा. चेहरा उजवीकडे फिरवतो तो डावा स्नायू.

"नस दबली" हेही सर्रास बोललं जातं. खरोखर चेतातंतू दबला, तर दुखणं सहसा मानेपुरतं राहत नाही, हातात उतरतं. मानेचे मणके 7, पण चेतातंतूंच्या जोड्या 8. पहिली जोडी कवटी आणि पहिला मणका यांच्यामधून निघते, आठवी सातव्या मणक्याखालून. सहाव्याच्या मुंग्या साधारण अंगठ्याकडे जातात, सातव्याच्या मधल्या बोटाकडे, आठव्याच्या करंगळीकडे. म्हणून डॉक्टर विचारतात, "कुठलं बोट?" करंगळीला मुंग्या कोपरापाशी दबलेल्या तंतूमुळेही येतात, तेव्हा तपासणी टाळू नये.

मानेतले तंतू फक्त मान आणि हात सांभाळतात, असंही नाही. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जोडीतून निघालेला एक तंतू थेट छातीतून उतरून श्वासपटलाला हलवतो. गर्भात हे पटल मानेजवळ तयार होतं आणि खाली सरकताना आपला तंतू सोबत घेऊन जातं. पित्ताशयाच्या दुखण्यात कधी कधी उजवा खांदा ठणकतो, तो याच नात्यामुळे.

स्नायूंभोवतीच्या फॅशियाला, म्हणजे त्यांना गुंडाळणाऱ्या पडद्याला, लोक नुसतं वेष्टण समजतात. खरं तर ते थरांवर थर आहेत. त्यातला एक थर थायरॉइड ग्रंथीला स्वरयंत्राशी बांधून ठेवतो. गळ्याला गाठ असली की डॉक्टर पाण्याचा घोट गिळायला लावतात. थायरॉइडची गाठ घोटाबरोबर वर सरकते. या थरांमधल्या फटी गळ्यामागून छातीपर्यंत पोचतात, आणि खालच्या दाढेतला दुर्लक्षित पू त्याच वाटेने उतरू शकतो. दाढदुखीसोबत जबड्याखाली सूज आली आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

राहिली केस कापल्यावर "कट्" करून मोडून घेतलेली मान. त्या आवाजाने कुठलीही नस मोकळी होत नाही. तो सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा आवाज. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या भोकांतून जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर क्वचित फाटतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. मान मोडल्यानंतर कधी नव्हे अशी कळ आली, एकाचे दोन दिसू लागले, तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर मालिश नको. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.