आंबोलीच्या जंगलातून पोर्तुगीज

पणजीचं ‘एमिसोरा द गोवा’ हे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीचं सरकारी रेडिओ केंद्र होतं. त्याला पोर्तुगीजमधूनच उत्तर मिळू लागलं, तेही आपल्या आंबोलीच्या जंगलातून! २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी तिथून गुप्त केंद्र सुरू केलं. बातम्या, भाष्य, पोर्तुगिजांच्या प्रचाराचं खंडन, सगळं कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत. राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत सुनावण्यातली मजा काही औरच. सामग्रीची कथा तर आणखी खमंग. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगिजांकडून हाती लागलेले दोन बिनतारी संच ट्रान्समीटरसाठी कामी आले. पुढे मुक्काम कॅसलरॉकला हलला. भिजलेली झाडं, जळवा, साप आणि कागदांचा पसारा, असा हा ‘स्टुडिओ’.

१८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईत भारतीय विमानांनी पोर्तुगिजांचं बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. मग वामन आणि लिबिया ध्वनिक्षेपक लावलेल्या विमानातून पणजीवर घिरट्या घालत तीच बातमी सांगत होते. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो-सरदेसाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.