माळ्याच्या हाताखालून राजउद्यानापर्यंत: ‘केपेबिलिटी’ ब्राउन

‘केपेबिलिटी’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला लॅन्सलॉट ब्राउन १७३२ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडमधील कर्कहार्ल येथे माळ्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला, १७४१ मध्ये स्टो येथील विख्यात उद्यानात रुजू झाला आणि १७६४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या राजउद्यानाचा प्रमुख झाला. भूदृश्यरचना, म्हणजे जमिनीचे चढउतार, पाणी व वृक्षसमूह यांची विचारपूर्वक मांडणी, करताना तो ओढ्यांना बांध घालून नागमोडी तळी निर्माण करी. तसेच कुंपणाऐवजी ‘हा-हा’, म्हणजे एका बाजूने भिंत बांधलेला खोल चर, खणवून घेई, ज्यामुळे गुरे बागेत शिरत नसत आणि वाड्यातून दिसणारी हिरवळ अखंड भासे. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या किशोरवयीनांनी प्रथम माती, उतार व निचरा यांची प्रत्यक्ष कामातून ओळख करून घ्यावी, हे या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.