छिन्नमानस व स्मार्टफोनचा समस्यात्मक वापर

छिन्नमानस अथवा स्किझोफ्रेनिया या चित्तविकृतीच्या रुग्णाकडून होणारा स्मार्टफोनचा अनियंत्रित वापर. त्यामुळे रुग्णाची झोप, औषधोपचार, काम व कौटुंबिक संबंध यांत बाधा येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगवर्गीकरणात संगणकीय खेळांच्या अतिरेकास विकाराचे स्थान मिळाले. स्मार्टफोनच्या अतिवापराला मात्र स्वतंत्र विकार मानलेले नाही. म्हणून ‘व्यसन’ याऐवजी ‘समस्यात्मक वापर’ ही संज्ञा योजणे अधिक योग्य ठरते.

कारणमीमांसा : छिन्नमानसात संभ्रम व निर्वस्तुभ्रम (उदा., नसलेले आवाज ऐकू येणे) ही ठळक लक्षणे असली, तरी निरुत्साह, एकलकोंडेपणा व भावनांचा बोथटपणा ही अभावात्मक लक्षणे दैनंदिन जीवनाची अधिक हानी करतात. रिकामा दिवस फोन विनासायास भरून काढतो आणि प्रत्यक्ष भेटीतील ताणही त्यात टळतो. अवधान व नियोजनशक्ती क्षीण झाल्याने वापर आवरणे कठीण जाते. रात्रीचे जागरण व दिवसाची झोप असा क्रम पडला की सकाळची औषधाची मात्रा चुकते आणि लक्षणे उलटण्याचा धोका वाढतो. तथापि अतिवापर व बिघडलेले कार्य यांचा संबंध दुहेरी असू शकतो. एकास दुसऱ्याचे एकमेव कारण मानता येत नाही.

आपल्यावर एखादे यंत्र ताबा चालविते, हा संभ्रम जुना आहे. व्हिक्टर टाउस्क यांनी १९१९ मध्येच त्याचे विवेचन केले होते. आज त्या यंत्राची जागा काही रुग्णांच्या बाबतीत फोन घेतो. अशा वेळी उपचार मूळ विकारावर करावे लागतात.

मूल्यमापन : केवळ तास मोजून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. भारतात मानसिक विकलांगता मोजण्यासाठी स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम ही चार क्षेत्रे विचारात घेतली जातात. फोनमुळे यांपैकी कशात घट झाली, हे पाहणे महत्त्वाचे असते.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : या प्रश्नाची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात दिसते. तेथील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. रुग्ण सोबत गेला, तर अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वा जिल्हा रुग्णालय त्याला दूर पडते. तो गावी राहिला, तर बहुधा वृद्ध आजीआजोबांच्या भरवशावर राहतो. दोन्ही प्रसंगी उपचार खंडित होण्याचे भय असते आणि डॉक्टर, आईवडील व रुग्ण यांना जोडणारा दुवा बहुधा फोनच असतो. अतिवापराच्या कारणाने तो काढून घेतल्यास हा दुवा तुटतो, शिवाय संशयग्रस्त रुग्णाचा घरच्यांवरील विश्वासही ढळू शकतो.

उपाय : वापर बंद करण्यापेक्षा त्याला वळण लावणे हितकर ठरते. रुग्णाशी बोलून वेळा ठरविणे, रात्री फोन झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे, औषधाच्या वेळेचा गजर लावणे आणि शेळ्या राखणे, पाणी भरणे यांसारखे झेपेल असे नियमित काम सोपविणे उपयुक्त असते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मनोरुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीलाही, संस्थेच्या नियमांच्या अधीन राहून, वाजवी वेळी दूरध्वनी वा मोबाइलवर बोलण्याचा हक्क आहे. घरी राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही हेच तत्त्व मार्गदर्शक मानावयास हवे.