अद्भुतिकेतील उकल आणि यंत्रातील देव

कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, ती यंत्राच्या आधारे साधू नये, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या पंधराव्या प्रकरणात म्हटले आहे. यंत्र म्हणजे देवाची भूमिका करणाऱ्या नटाला रंगस्थळी अधांतरी आणणारी यारी. वास्तववादी कादंबरीत असा ‘यंत्रातील देव’ चटकन ओळखू येतो. विज्ञानकथा व अद्भुतिका यांच्या समीक्षेत मात्र पेच उभा राहतो. जेथे अशक्य असे फारसे काही नाहीच, तेथे एखादी उकल ओढूनताणून आणलेली आहे, हे कोणत्या निकषावर ठरवावयाचे?

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीत तोफखाना हतबल ठरतो, लंडन ओस पडते आणि अखेरीस मंगळवासी मरतात ते पृथ्वीवरील सूक्ष्म जीवाणूंमुळे. ही उकल सोयीस्कर वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कादंबरी आरंभापासून वाचली तर निराळे चित्र दिसते. पाण्याच्या थेंबातले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत तशी माणसे न्याहाळली जात होती, ही उपमा पहिल्याच परिच्छेदात येते. मंगळावर रोगजंतू नाहीत, हे निवेदक पुढे जवळजवळ जाता जाता सांगतो. मंगळावरून आलेली तांबडी वनस्पतीही जीवाणूंनीच सडते. टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराचा उल्लेख पहिल्याच प्रकरणात आहे. तो ध्यानात ठेवला, तर आक्रमकच रोगाला बळी पडणे हा वसाहतवादाच्या इतिहासाचा उपरोधपूर्ण व्यत्यास ठरतो. उणीव राहते ती एवढीच की, या विजयात मानवाचे कर्तृत्व काहीच नाही. अर्थात वेल्स यांना बहुधा तेच सांगावयाचे असावे.

भारतीय नाट्यविचारात ‘बीज’ आणि ‘निर्वहण’ यांचे नाते याच प्रश्नाशी भिडते. भरताला तर निर्वहणात अद्भुत रस हवाच असतो. अट आहे ती बीजाशी असलेल्या संबंधाची. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत-शकुंतलेचा तंटा आकाशवाणी मिटविते. कालिदासाने तिच्या जागी शाप व अंगठी योजली. दुर्वासाचा शाप आकाशवाणीइतकाच अलौकिक आहे; पण तो चौथ्या अंकात पडतो आणि त्याची फेड अखेरच्या अंकांत होते. म्हणजे आक्षेप देवाच्या येण्याला नसून त्याच्या ऐन वेळी येण्याला आहे.

टोल्किन यांनी १९३९ च्या परीकथाविषयक व्याख्यानात अनपेक्षित सुखद कलाटणी हे परीकथेचे सर्वोच्च कार्य मानले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये फ्रोडो अंगठी टाकण्यास ऐन क्षणी नकार देतो आणि गॉलम ती हिसकावून अग्नीत कोसळतो. हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही, कारण बिल्बो आणि फ्रोडो या दोघांनी वेळोवेळी दया दाखविली म्हणूनच गॉलम तेथवर जिवंत राहिलेला असतो. मोक्याच्या क्षणी सुटकेला धावून येणाऱ्या गरुडांविषयी मात्र असे म्हणणे कठीण आहे. १९५८ मध्ये एका चित्रपट-संहितेवर अभिप्राय देताना टोल्किन यांनी स्वतःच या गरुडांना धोकादायक ‘यंत्र’ म्हटले होते आणि आपण त्यांचा वापर हात राखूनच केला, असेही नमूद केले होते.