दोन तासांचें मोल

कायदे करणारे लोक पुष्कळदां असें समजतात कीं, कायदा छापून निघाला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. ही समजूत गरिबास किती महाग पडते, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या लॉरेन्स शहराचा वृत्तान्त अवश्य वाचावा.

मेरिमॅक नदीच्या तीरावर १८४५ सालीं एका कंपनीनें हें शहर मुद्दाम कापडाच्या गिरण्यांकरितां वसविलें. १८४८ सालीं दगडी धरण पुरें झालें, आणि आयर्लंड, कॅनडा, इटली, पोलंड, लिथुएनिया, सीरिया अशा नाना देशांतून पोटामागें लागलेले लोक तेथें लोटले. १९१० च्या खानेसुमारींत वस्ती सुमारें ८६,००० भरली.

१ जानेवारी १९१२ पासून स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुलें यांचे आठवड्याचे तास ५६ वरून ५४ वर आणणारा कायदा अंमलांत आला. कायद्याचा हेतु चांगलाच होता; परंतु तास घटले तरी मजुरी घटूं नये, एवढी एक तरतूद त्यांत नव्हती. मालकांनीं दोन तासांबरोबर त्यांचा पगारही कापला. आठवड्यास सरासरी नऊ डॉलरांहून कमी मिळविणाऱ्याचे सुमारें ३२ सेंट गेले. धनिकास ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरीं पाव मोजून वाटला जातो, त्या घरचे तेवढ्यानें कित्येक पाव गेले!

११ जानेवारीस पोलिश विणकर स्त्रियांनीं प्रथम माग सोडले. पाहतां पाहतां वीस हजारांवर कामकरी बाहेर पडले. त्यांच्या भाषा वीसाहून अधिक. तरी पोटाची भाषा सर्वांस एकच कळली. मुलांची आबाळ होऊं नये म्हणून त्यांतील ११९ मुलें न्यूयॉर्कच्या कुटुंबांकडे धाडण्यांत आलीं. लोकर विणणारांच्या या मुलांपैकीं अवघ्या चौघांच्या अंगांत आंतले कपडे होते, अशी साक्ष मार्गारेट सँगर या परिचारिकेनें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें दिली. २४ फेब्रुवारीस मुलांची आणखी एक तुकडी निघाली असतां पोलिसांनीं स्टेशनावरच आयांना मारहाण केली. तेव्हां कोठें सारा देश जागा झाला, आणि मार्चच्या मध्यास मालकांस मजुरी वाढवून द्यावी लागली.

आम्ही कायद्याच्या धंद्यांतले आहों. म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों. संपांत ॲना लोपिझो ही स्त्री गोळीनें मेली. त्या वेळीं तेथून दूर असलेल्या एटर व जोव्हानिटी या पुढाऱ्यांना त्या खुनास साह्यकारी ठरवून महिनेच्या महिने तुरुंगांत ठेविलें. अखेर २६ नोव्हेंबर १९१२ रोजीं ज्यूरीनें त्यांस निर्दोष सोडलें. न्याय मिळाला खरा. पण गेलेले महिने कोणी परत दिले?

याच शहराची दुसरी एक गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९९५ रोजीं माल्डन मिल्स ही गिरणी जळाली, तेव्हां मालक ॲरन फ्युअरस्टीन यांनीं काम बंद असतांही कांहीं काळ मजुरांस पगार दिला. त्यांच्या थोरवीस आमचें वंदन असो. परंतु २००१ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. एका मालकाचें औदार्य, तें कितीही थोर असलें तरी, हजारों चुलींचा पाया होऊं शकत नाहीं.

आज लॉरेन्सची वस्ती २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें ८९,००० आहे, व तींत डोमिनिकन आणि इतर स्पॅनिशभाषी लोकांचें प्राबल्य आहे. माणसें बदललीं, परक्या मुलुखांत घामाची भाकर मिळविण्याची धडपड तीच राहिली. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या कायदेमंडळास श्रमिकांचे तास कमी करावयाचे असतील त्यानें त्याच कलमांत त्यांच्या भाकरीचाही बंदोबस्त करावा. नाहीं तर त्या सवलतीची किंमत ज्याच्यासाठीं ती दिली त्याच्याच ताटांतून वसूल होते, आणि सुधारणेचें श्रेय मात्र सुधारक घेतात!